पहिलं बोट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत त्यांचं नाव गुलाब शेलार. सातवी पास, महाबळेश्वरला टॅक्सी चालवलेले, आणि त्याआधी आणि त्यासोबतही अकरा वर्षं शिरेतून नशा घेतलेले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. आई-वडिलांचे आणि कवठे महांकाळच्या शाळेतल्या गुरुजींचे उपकार आहेतच. वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असत, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्या सगळ्यांमुळे मला पदवी मिळाली. पण पदवीनंतर जे काम हाती आलं, ते करायला शिकवलं तात्यांनी. या लेखातली बाकीच्यांची नावं मी बदलली आहेत किंवा दिलेलीच नाहीत. तात्यांचं मात्र खरं आहे, कारण "माजं नाव बदाललंसा तर मी माजा येगळा अंक काढीन" अशी त्यांची धमकी आहे.

आधी काम काय ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मामालाही ते अजून नीट कळलेलं नाही. तो पाहुण्यांना सांगतो, "भाचा सरकारी रक्त काढतो."

आमची संस्था लहान आहे. ऑफिस सांगलीत, आणि काम सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत. जे लोक सुईनं नशा करतात त्यांच्यापर्यंत जायचं, त्यांना हिपॅटायटिस सी या आजाराची माहिती द्यायची, बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी करायची आणि आजार निघाला तर सरकारी दवाखान्यात नेऊन औषध सुरू करून द्यायचं. हा आजार यकृताचा. रक्तातून रक्तात जातो. एकाची सुई दुसऱ्यानं घेतली की झालं. वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही, माणूस हिंडतो-फिरतो, आणि आत यकृत झिजत असतं. आपल्याकडे कावीळ म्हटलं की लोक डोळे पिवळे झालेत का बघतात आणि माळ घालून कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. तात्या शिबिरात सांगायचे, "ही कावीळ पिवळी न्हाई रं गड्या. ही गुमान बसती. घरातल्या गरीब माणसावानी. आन मग एकदम घर खाली करती." चांगली गोष्ट अशी की आता यावर गोळ्या आहेत, बहुतेकांना तीन महिने पुरतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. एवढं सोपं असून काम अवघड का, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

सांगलीजवळच्या एका जिममध्ये मी यकृताचं मोठं रंगीत चित्र घेऊन गेलो होतो. पोरं दंड फुगवून उभी. मी पंचवीस मिनिटं बोललो. शेवटी विचारलं, काही शंका? एकानं हात वर केला. "सर, हे काळीज बकऱ्याचं हाय का डुकराचं?" सगळे हसले. मी चित्र गुंडाळलं. संस्थेनं तात्यांना माझ्यासोबत दिलं होतं. नशा सोडून तेव्हा त्यांना दोन वर्षं झाली होती. ते दाराशी बसून होते. उठून आत आले आणि त्या पोरांना एवढंच विचारलं, "ताकदीचं इंजेक्शन कोन कोन घेतंय?" पोरं डंबेल उचलायला वळली. "बरं. घेनारं कुनी न्हाईच. पन जे कोन घेत नसतील, त्यांची बाटली एक असती का येगयेगळी?"

एक पोरगा पटकन म्हणाला, "बाटली एकच की. सुई ज्येची त्येची."

मी ऐकत राहिलो. सुया वाटून घेता का, असं मी दहा जणांना विचारलं होतं आणि दहाही जणांनी नाही सांगितलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. मी प्रश्न चुकीचा विचारत होतो. वापरलेली सुई परत त्याच बाटलीत गेली की बाटलीतलं औषध सगळ्यांचं झालं, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. ही पोरं भरतीची तयारी करणारी होती. सोळाशे मीटर पळताना दम टिकावा म्हणून कुणीतरी त्यांना हे शिकवलं होतं. स्वतःला नशा करणारे ते समजतच नव्हते. त्या दिवशी त्यांतल्या सात जणांनी बोट पुढं केलं, ते माझ्या चित्रामुळं नक्कीच नाही.

परत येताना एस.टी.त तात्या म्हणाले, "मास्तर, तुमी लय शिकलाय, पन तुमास्नी इचारता येत न्हाई. आन आजून एक. त्यांच्यासमोर 'गर्दुल्ला' म्हनू नका. माझ्या बापानं मला त्येच नावानं हाक मारलीया चार वर्सं." मी तो शब्द त्या दिवशी दोनदा वापरला होता. त्यानंतर कधी वापरला नाही.

गिऱ्हाईकं एकेक अशी भेटली की लिहावं तेवढं थोडं. सांगलीच्या बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा तपासणीला आला तो हेल्मेट घालूनच. आतही काढेना. नाव विचारलं तर क्षणभर थांबून म्हणाला, पाटील. निकाल तयार झाल्यावर मी "पाटील" अशी हाक मारली. बाकावरचे तीन जण उठले, आणि हेल्मेटवाला तसाच बसून! स्वतःला दिलेलं नाव तो विसरला होता. तात्या त्याच्या हेल्मेटवर टकटक करून म्हणाले, "आवं पाटील, गाडी सुटली तुमची." तो हसला, आणि हेल्मेट काढलं. त्याला आजार निघाला, गोळ्या घेतल्या, बरा झाला. आता दरवर्षी ऑफिसात पेढे आणून देतो. नाव अजूनही पाटीलच सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. तात्यांची एक पद्धत होती. शिबिर कुठंही असो, खुर्चीत पहिले ते बसायचे आणि पहिलं बोट त्यांचं टोचायचं. संस्थेत तपासणीची कार्डं पहिल्यांदा आली तेव्हा पहिलं कार्ड त्यांनीच लावून घेतलं होतं. या कार्डावर रक्ताचा थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. एक रेघ म्हणजे काही नाही. दोन रेघा म्हणजे पुढची तपासणी हवी. तात्यांच्या दोन आल्या. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. तात्या ते कार्ड घेऊन पोरांच्यात गेले. "ह्या बगा दोन रेघा. मेलो का मी? चहा पितोय नव्हं?" त्यानंतर प्रत्येक शिबिरात ते पुन्हा बोट द्यायचे आणि दोन रेघा सगळ्यांना दाखवायचे. एक कार्ड वाया जायचं, पण त्या एका कार्डामागं पंधरा-वीस माणसं बसायची. मला तो सौदा पटला होता. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या आमच्या डॉक्टर मॅडमना मात्र मी हे कधी सांगितलं नव्हतं.

मग पुढच्या तपासणीत आजार पक्का ठरला आणि तात्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने एकही चुकली नाही. त्या काळात त्यांनी खुर्चीत बसणं बंद केलं. शिरवळच्या कारखान्यांत कामाला असलेल्या, सुई घेणाऱ्या पोरांचं एक शिबिर होतं, तिथं कोणीच तपासणीला तयार होईना. तात्या त्यांना म्हणाले, "आता न्हाई टोचत बोट. गोळ्या संपूद्या. मग येतो आन एकच रेघ दावतो. तवा तरी इश्वास ठेवा." गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी रक्त मोठ्या तपासणीला जातं. विषाणू रक्तात आहे की गेला, हे ती तपासणी सांगते. तात्यांचं रक्त साताऱ्याला दिलं. निकाल यायचा होता. आणि त्याच आठवड्यात शिरवळचं दुसरं शिबिर होतं.

दुपारची पाळी सुटल्यावर एका ट्रान्स्पोर्टच्या शेडमध्ये आम्ही टेबल मांडलं. अठरा पोरं आली होती. तात्यांची एक रेघ बघायलाच आली होती म्हणा. तात्या त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. साबणानं हात धुऊन खुर्चीत बसले.

"बगा रं. गेल्या सालापातूर दोन व्हत्या. आता एकच."

मी बोट टोचलं. थेंब टाकला. तात्या महाबळेश्वरच्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगत होते, पोरं हसत होती. पाच मिनिटांत पहिली रेघ आली. मग दुसरी, आधी फिकट आणि मग ठसठशीत.

"तात्या, ही तर दुसरी बी आली की!"

"गोळ्या खाल्ल्या का कोंबड्यास्नी घातल्या?"

हशा झाला. तात्यांनी कार्ड उचलून उजेडात धरलं आणि मग माझ्याकडं बघितलं. शिकलेल्या माणसाकडं बघतात तसं. "मास्तर, आसं कसं झालं?"

मला माहीत असायला हवं होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं, नंतर पाहिलं तर माझ्याच अक्षरात होतं. पण त्या क्षणी मला एकच गोष्ट सुचली, जी बाहेरच्या कोणालाही सुचली असती. मी त्यांना एका ट्रकच्या मागं नेलं आणि विचारलं, "तात्या, खरं सांगा. परत सुरू केलंत का?"

त्यांनी हातातलं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. मग म्हणाले, "हे तुमी इचारताय व्हय?" गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र काढून ट्रकच्या फळीवर ठेवलं आणि हायवेच्या दिशेनं चालायला लागले. मी शेडमध्ये परत आलो तर पोरं पांगत होती. एक जण आधीच बाही वर करून रांगेत उभा राहिला होता. तो बाही खाली करत करत गेला. त्या अठरांपैकी बरेच नंतर भेटले, तपासलेही गेले. तो पोरगा मात्र पुन्हा कधी दिसला नाही. त्याची बाही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

चार दिवस मी तात्यांवरच रागावलेला होतो, हे लिहायला हवं. पाचव्या दिवशी साताऱ्याहून मॅडमचा फोन आला. "तुमच्या तात्यांना पेढे द्या. विषाणू आढळला नाही. पूर्ण बरे झालेत."

मी म्हटलं, "मॅडम, पण कार्डावर दोन रेघा आल्या."

"कार्ड कोणी लावलं?"

"मी."

"अहो, बरं झालेल्याला ते कार्ड लावतात का? कार्डाला विषाणू दिसतच नाही. शरीर त्याच्याशी भांडलं होतं, त्याची खूण तेवढी दिसते. ती खूण पुढंही राहते. त्यांची रेघ उद्याही येणार आणि वीस वर्षांनीही येणार."

फोन ठेवला आणि मला आमच्या कळपातली एक मेंढी आठवली. लांडग्यानं तिला मानेला धरलं होतं, वडिलांनी सोडवलं. जखम भरली, पण दातांचा वण राहिला आणि तिथं लोकर कधी उगवली नाही. बाजारात गिऱ्हाईक तो वण बघून मागं सरायचं. वडील म्हणायचे, "आवं, वन हाय. लांडगा न्हाई." मेंढपाळाच्या घरात जन्मून मी तात्यांच्या वणाला लांडगा म्हणालो होतो.

आता भीती वेगळीच होती. ज्याला वाटतं की औषध वाया गेलं आणि आपल्या माणसानंही खोटं ठरवलं, तो सुईकडे परत जाऊ शकतो. मी हे होताना पाहिलं आहे. नशा सोडून तात्यांना आता सहा वर्षं झाली होती, त्या कमाईचा प्रश्न होता, आणि ते बरे आहेत हे त्यांना सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फोन करायची सोय नव्हती. तात्या फोन ठेवतच नाहीत. "फोन म्हंजी इकनाऱ्यांचं नंबर," म्हणून नशा सोडली त्याच दिवशी त्यांनी तो कृष्णेत टाकला होता.

मी महाबळेश्वरला गेलो. पावसानं समोरचा माणूस दिसत नव्हता. टॅक्सी स्टँडवर कळलं की ते खालच्या वाडीत बहिणीकडं आहेत, तिच्या स्ट्रॉबेरीच्या रोपवाटिकेत राबतायत. बहिणीचं नाव इंदूबाई. त्यांनी मला ओट्यावर घेतलं, चहा दिला, पण दारातून हलल्या नाहीत.

"त्यो भेटायचा न्हाई. सांगून ठिवलंय त्येनं."

"त्यांचा रिपोर्ट आलाय. चांगला आलाय. एवढं द्या." मी कागद पुढं केला.

त्यांनी तो उलटा-सुलटा बघितला. "हे इंग्रजी. त्येला काय कळनार? आन तुमी सायेब, तुमीच त्येला चोर ठरीवलं नव्हं? मग आता छापील कागद कशापाय? तोंडानं पाडलंय ते छापील कागदानं भरत न्हाई. तुमच्या हातानं लिवा. मराठीत लिवा. त्येला वाचता येतंय."

"ते बरे आहेत ना? म्हणजे…" मला पुढं विचारवेना.

"रोज सांच्याला दारात बसून पावसाकडं बगतोय. आजून तरी दारातच हाय," इंदूबाई म्हणाल्या. "लवकर लिवा."

त्याच दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात बसून मी लिहिलं. चार कागद फाडले. अधिकारी, देणगीदार, दवाखाने, सगळ्यांना मी पत्रं लिहितो. माफी मागायचं पत्र कधी लिहिलं नव्हतं. तिथल्याच पोस्टातून पाठवलं आणि सांगलीला परतलो.

उत्तर आलं नाही. नऊ दिवसांनी, सोमवारी सकाळी ऑफिस उघडायला गेलो तर तात्या पायरीवर बसलेले, तोच इस्त्रीचा शर्ट. सोबत महाबळेश्वरचे दोन टॅक्सीवाले. "ही दोगं," तात्या म्हणाले. "ह्यांची बाटली एकच असती. तपासा. पन आदी तुमचं ते लिवलेलं करा."

त्यांनी खुर्ची ओढून पुढं ठेवली आणि मला बसायची खूण केली. मी बसलो. बोट तात्यांनी धरलं. मग पंधरा मिनिटं आम्ही चौघं त्या कार्डाकडं बघत होतो. लोकांना मी आजवर सहज सांगत आलो होतो, "काही नाही, पंधराच मिनिटं." ती किती असतात हे त्या दिवशी कळलं. गावात लहानपणी एकाच सुईनं अख्ख्या आळीला इंजेक्शनं टोचणारे एक डॉक्टर होते, ते आठवले. मी पुन्हापुन्हा घड्याळ बघायला लागलो. टॅक्सीवाल्यांतला एक मलाच धीर द्यायला लागला, "आवं सायेब, काय न्हाई हुत."

एक रेघ आली. तात्या म्हणाले, "बरं झालं. न्हाईतर तुमाला तीन म्हैनं गोळ्या खायाला लावल्या असत्या, आन मी रोज इचारलं असतं, परत सुरू केलंसा का म्हनून." एवढ्या एका टोमण्यावर त्यांनी तो विषय संपवला. ओळखपत्र मी खिशातच बाळगत होतो. ते त्यांनी गळ्यात घातलं आणि टॅक्सीवाल्यांकडं वळले.

पुढच्या महिन्यात शिरवळला आम्ही पुन्हा गेलो. तात्यांनी दोन रेघांचं जुनं कार्ड आणि दवाखान्याचा कागद शेजारी-शेजारी ठेवून, वाटेत माझ्याकडून ऐकलेला वण आणि लांडगा पोरांना समजावून सांगितला, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. माझी लांडग्याची गोष्ट आता दोन्ही जिल्ह्यांत त्यांच्या नावानं चालते.

हा लेख लिहितोय म्हटल्यावर त्यांनी पाकिटातून ते पत्र काढून दिलं. घडीवर फाटलं होतं, मागून चिकटपट्टी लावली होती. म्हणाले, "लेख कसा बी लिवा. पन ह्ये छापा. शिकलेला मानूस चुकतो आन कागदावर तसं लिवतो, ह्ये पोरांनी बगितलं पायजे." त्यांच्या सांगण्यावरून, एक अक्षर न बदलता, देतो.

तात्यांना नमस्कार.

तुम्ही बरे झाला आहात. हे पहिल्या ओळीत लिहितो, कारण पुढचं वाचायची इच्छा झाली नाही तरी एवढं वाचावं. साताऱ्याचा निकाल आला. तुमच्या रक्तात आजार नाही. तुम्ही गोळ्या चुकवल्या नाहीत, आणि गोळ्यांनी त्यांचं काम केलं.

शिरवळला दुसरी रेघ आली ती आजाराची नव्हती. एकदा आजार होऊन गेला की ती रेघ बरं झाल्यावरही येत राहते. हे मला शिकवलं होतं, मी विसरलो. ते कार्ड तुम्हाला लावायलाच नको होतं. चूक कार्डाची नाही आणि तुमची तर नाहीच.

पण ती चूक लहान आहे. मोठी चूक ट्रकच्या मागं झाली. तुम्ही मला विचारलं, असं कसं झालं. मला माहीत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. तीन शब्द होते. ते म्हणायची लाज वाटली, म्हणून तुमच्यावर संशय घेतला. तुम्ही मला विचारायला शिकवलं, आणि मी पहिला वाईट प्रश्न तुम्हालाच विचारला. मला माफ करा.

तुमचं ओळखपत्र माझ्याजवळ आहे. परत यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही आलात तरी तुम्ही बरे झालेले आहातच, ते माझ्या हातात नाही आणि कोणाच्याच नाही.

अजून एक सांगायचं आहे. काल रात्री हिशेब केला, इतक्या शिबिरांत मी शेकडो बोटं टोचली. माझं स्वतःचं एकदाही टोचलं नाही. भीती वाटत होती, आणि शिकलेला आहे म्हणून कोणी विचारलंही नाही. प्रत्येक वेळी तुम्हीच पुढं बसलात.

आता तुमचं बोट राहू द्या, तात्या. त्यानं पुष्कळ केलं. यापुढं पहिलं बोट माझं.

तुमचा,
मास्तर